‘येते’चा अर्थ

वाग्देवीला वंदन करून, सरांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हे लिहीत आहे.

दोन्ही तळवे समोरासमोर धरून सर हवेत कंस काढीत. “शास्त्रीबुवा, आधी तुमचं सगळं ज्ञान यात ठेवा. मग कविता वाचा.” ते मूळचे पाचोडचे, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, मी पाठशाळेतला संस्कृतचा शिक्षक, त्यांचा शेजारी. साहित्यकृती अनुभवात जशी प्रकटते तशी आधी पाहावी; मग अंशावरून समग्राकडे आणि समग्रावरून पुन्हा अंशाकडे फिरत अर्थ लावावा, असे त्यांचे म्हणणे.

मी म्हणे, “आमचे मीमांसकही उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे ग्रंथाचा आरंभ आणि शेवट, जुळवूनच तात्पर्य ठरवतात.”

“मग तेच की! तुमचं सोवळ्यातलं, आमचं बिनसोवळ्याचं,” म्हणून ते मोठ्याने हसत.

पुढे त्यांची एकुलती मुलगी त्यांच्याशी भांडून घर सोडून गेली. मागे चिठ्ठी होती. तीत एकच शब्द : “येते.”

निघताना आपल्यात कोणी ‘जाते’ म्हणत नाही, हे वाचकांना सांगायला नको. सर ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. “शास्त्रीबुवा, हे वचन का नुसता निरोप?”

“इथे रूढार्थच घ्यावा, सर. सगळेच तसे म्हणतात.” शास्त्राला धरून होते माझे उत्तर. आजही ते मला बोचते.

त्यानंतर सरांनी दुसरे काही वाचलेच नाही. “टिंब बघा, किती दाबलंय. रागात लिहिलंय पोरीनं.” दुसऱ्या दिवशी म्हणत, “नाय, नाय. थांबून विचार केलाय तिनं. विचार करणारं माणूस परत येतं.” गुलमंडीच्या बाजारातून चिठ्ठीला प्लास्टिकचे आवरण घालून आणले, शाई तरीही फिकटत गेली. मुलीचा फोन बंदच असे.

एकदा मी म्हणालो, “सर, थोडे स्वतःला कंसात ठेवा.”

त्यांनी तळवे उचलले आणि तसेच खाली सोडले. “बाप हाय मी. बाप कंसात मावत नाय, शास्त्रीबुवा.”

रुग्णालयात नेण्यासाठी त्यांना गाडीत बसवले, तेव्हा ते सवयीने ‘येतो’ म्हणतील म्हणून मी दाराशी थांबलो होतो. त्यांनी घराकडे एकदा पाहिले.

“जातो, शास्त्रीबुवा.”

त्या शब्दाचा अर्थ लावावा लागला नाही.

आज सरांच्या पुतण्याने पिंडदान केले. मी मंत्र सांगत होतो आणि दाराकडे पाहत होतो. कोणी आले नाही.

वाचकहो, आपल्या उंबऱ्यावरून जो कोणी ‘येतो’ म्हणून निघेल, त्याचा शब्द परमेश्वर अक्षरशः खरा करो. आपल्या घरी सर्वांचे कल्याण असो.