छापाची हातोडी

झाडावर छाप मारण्याआधी ते बुंध्याला हात लावायचे आणि हळूच म्हणायचे, "तुझी पाळी आली रं." मग वाकून मुळाजवळ एकच ठोका. असा रखवालदार तुम्हीही एखाद्या रानात पाहिला असेल. जर्मनीची पहिली लढाई संपून सहा-सात वर्षं झाली होती. आमच्या खाडीकाठच्या जंगलकचेरीत सगळे त्यांना अरे-तुरे करत. मी तिथला कारकून; वयानं निम्मा असूनही तेच करायचो. आता लिहिताना तसं करवत नाही.

ज्या झाडावर छाप, तेवढंच तोडायचं, असा नियम होता. छापाची हातोडी कुलुपाच्या पेटीत, त्यांच्या ताब्यात असे. बियांसाठी राखलेले सात जुने साग त्यांचे फार लाडके. नवा साहेब आला की ते त्याला त्या सागांपुढे नेऊन उभं करत. घरातली वडीलधारी माणसं दाखवावीत तसं. एका साहेबानं तिथे टोपी काढून घाम पुसला, तर हे महिनाभर सांगत सुटले, "सायबानं नमस्कार केला."

तोडलेलं लाकूड ठेकेदाराच्या पडावांतून, त्या शिडाच्या मालहोड्यांतून, मुंबईला जाई. माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा त्या ठेकेदारानं भरलेला माल उतरवून एक पडाव रिकामा केला आणि तिला मुंबईच्या दवाखान्यात पोचवलं. बायको वाचली, मुलगीही वाचली. ते उपकार मी विसरणं शक्य नव्हतं. त्यानंही विसरू दिले नाहीत.

महिन्याभरानं रखवालदारांची बहीण पाली गावाकडे वारली. निघताना त्यांनी हातोडी माझ्याजवळ दिली. खरं तर ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. "तुमच्याकडं हाय म्हंजे पेटीतच हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदारानं ती अर्ध्या दिवसासाठी मागितली. कशाला, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं म्हणूनच विचारलं नाही.

दिवसकार्य उरकून ते परत आले, तोवर सातही साग पडावात चढले होते. मागे जमिनीत राहिलेल्या बुंध्यांच्या थोटांवर आमच्या खात्याचा छाप होता.

चौकशीला साहेब आले. जबाब लिहायला मी टेबलाशी बसलो होतो. हातोडी कोणाच्या ताब्यात होती, असं साहेबांनी विचारलं. रखवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. समोरच्याला बोलायला सवड द्यावी, तेवढाच. मी टाक दौतीत बुडवला.

"माझ्याच ताब्यात व्हती," ते म्हणाले.

मी ते लिहिलं. खाली त्यांचा अंगठाही मीच उठवून घेतला. त्यांनी पट्ट्यावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, तेव्हा मी कागदावरच्या ओल्या शाईवर वाळू टाकत होतो.

नोकरी गेली तरी त्यांचं रानात जाणं सुटलं नाही. उन्हाळ्यापर्यंत त्या थोटांना कोंब फुटले होते. वणवा लागला तर ते जळू नयेत, म्हणून भोवतीचा सुका पाला ते रोज ओढून लांब नेत. एका सकाळी धीर करून मी तिथे गेलो. सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारलं, "लेक बसाय लागली का, भाऊसाहेब?"

म्हणजे त्यांना सारं ठाऊक होतं. हातोडी का गेली, तेही.

"लागली," मी म्हणालो. कबूल काहीच न करता परत आलो.

त्या पावसाळ्यात हिवतापानं ते गेले. मी मातीला गेलो नाही. कचेरीत काम होतं, असं घरी सांगितलं. काम काहीच नव्हतं.

थंडीत मोठे साहेब पाहणीला आले. शेजारच्या रानातले कोंब उन्हाळ्यातल्या वणव्यात गेले होते. इथले मात्र माणसाच्या उंचीला पोचले होते. साहेब खूश झाले. अहवालात घालायचं म्हणून त्यांनी मला विचारलं, "इथली राखण कुणी केली?"

"खात्यानं," मी म्हणालो, आणि तसंच लिहून घेतलं.