चार रेडिओ आणि सुधाचं गाणं

माझ्या मावसाजींएवढा रेडिओवर जीव टाकणारा, आणि त्याच रेडिओला एवढा छळणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. घरच्यांशी ते दिवसाला वीसेक शब्द बोलत. बाकी सगळा व्यवहार रेडिओच्या बटणाशी. मावशीनं एकदा गच्चीवरच्या एरियलच्या तारेवर लुगडं वाळत घातलं, तर "स्टेशन ओलं झालं" म्हणून हे दोन दिवस रुसून बसले. त्यांची लेक सुधा भारी गोड गळ्याची. पण ती पेटी काढून बसली की नेमकं यांचं कुठलं तरी लांबचं स्टेशन लागत आलेलं असायचं. "जरा थांब वं बाई, लागून राहिलं," असं म्हणत त्यांनी तिला पार लग्न होईपर्यंत थांबवलं.

सुधा इंदूरला नांदायला गेली आणि वर्षभरात तिचं पत्र आलं: येत्या मंगळवारी संध्याकाळी तिकडच्या रेडिओवर पंधरा मिनिटं गाणार आहे. मावसाजींच्या तोंडचं पाणीच पळालं. इंदूर आमच्याकडे लागायचं, पण आवाज मध्येच बसायचा आणि मिनिटभर नुसती खरखर. पोरीचं गाणं त्या खरखरीत गेलं तर?

मंगळवारी त्यांनी तीन शेजाऱ्यांचे रेडिओ मागून आणले. ओझं अर्थात माझ्या डोक्यावर. स्वतःचा धरून चार रेडिओ खोलीच्या चार कोपऱ्यांत. एकाची तार गच्चीवर, एकाची कडुनिंबावर, एकाची विहिरीच्या रहाटाला, एकाची न्हाणीच्या पत्र्यावर. एवढा पसारा कशाला, म्हणून मी विचारलं.

"साऱ्यायचा आवाज एका टायमाले बसत नाही गा. एक बसला का दुसरा उठते."

ज्यांचे रेडिओ आणले होते ते शेजारीही सहकुटुंब येऊन बसले. मावशीचा चहा स्टोव्हच्या आवाजापायी अर्ध्यात उतरवला गेला. आणि सुधा गायला लागली. पहिल्याच ओळीला आमचा रेडिओ बसला, तोच खिडकीजवळचा उठला. तो खरखरला तर दाराजवळचा बोलू लागला. आमच्या सगळ्यांच्या माना गाण्यामागे फिरत होत्या. पण खरं सांगतो, एक ओळ सुटली नाही. काय आनंद झाला होता आम्हाला!

लोक वाहवा करत होते. मावसाजींनी मात्र उठून एकेक करत चारही रेडिओ बंद केले आणि मावशीला म्हणाले, "घरात गात होती, तवा एकही बटन लागत नव्हतं. अन् मीच तिले थांब म्हणत होतो."

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते सुधा दिवाळीला माहेरी आली त्या सकाळचे. रेडिओवर चादर टाकून ते तिच्या पेटीसमोर मांडी घालून बसले होते.

"म्हण वं बाई," म्हणाले, "आता थांबू नको."