जोकिमदादाचं बीफ रोस्ट

जोकिमदादा गेल्याचा फोन वसईहून आला तेव्हा मी हुश्श केलं. त्याला आता दीड महिना झाला. दोह्यातल्या आमच्या ग्रुपवर अजून 'दिलदार माणूस' चालूच आहे... माझा सख्खा मावसभाऊ, मला इथे नोकरीला आणणारा. पण दिलदार तो नव्हता.

वर्ल्ड कपच्या स्टेडियमची कामं जोरात होती तेव्हा तो मॅनेजर होता, द पर्ल या श्रीमंतांच्या बेटावर राहायचा. महिन्यातून एकदा मित्रांसाठी बीफ रोस्ट करायचा आणि सगळं इथल्याच मातीतलं हवं, असा हट्ट. एका शुक्रवारी उत्तरेला शमालकडच्या मळ्यावरून मांस, कांदे, बटाटे आणायला मला सदानंदने गाडीतून नेलं. सदानंद आमच्या साइटवरचा वेल्डर, लातूरकडचा, बरवा अल बराहा या कामगार वस्तीत राहणारा, माझा मित्र. त्याची सुट्टी वाया गेली म्हणून मी त्याला जेवायला थांबवलं. बीफ तो खात नसे. बटाटे आणि खुबूसची रोटी पुरे, म्हणाला.

दादाने मांडीच्या तुकड्याला लसूण-मिरी चोळली, तो बटाट्यांवर ठेवला आणि तीन तास भाजला. चरबी निथळून बटाटे तांबूस झाले. पाहुणे बसू लागले, तसा दादा सदानंदच्या देखतच मला म्हणाला, "टेबलावर सगळे साहेब आहेत. याला डबा दे, खाली गाडीत खाईल."

आणि मी डबा भरला. त्याच ट्रेमधले बटाटे... दुसरे नव्हतेच. पार्किंगमध्ये सदानंदने झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं.

"भाऊ, बटाट्याचं जाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी माझ्यासंगं खाली बसताल, असं वाटलं होतं."

मी वर गेलो. दादाची तारीफ केली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सदानंद पुढे साइटवर नमस्कार करायचा, थांबायचा मात्र नाही. या गोष्टीसाठी मी दादाला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही.

गेल्या शुक्रवारी घरी रोस्ट केलं. मी मीठ चोळत होतो, बायको काहीतरी विचारायला आली. "मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो. ती म्हणाली, "अगदी जोकिमदादाच बोलला."

तो वसईत पुरलाय. माझ्या तोंडातून त्याला कोण काढणार...