मागच्या उजव्या दाराचं तेल

रत्नागिरीत तेव्हा खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतली एक मी चाटलेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मी एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. साहेब मूळचे पुण्याकडचे. त्यांनी मुंबईहून एक काळी मोटार आणली, आणि सहा महिन्यांत खाऱ्या वाऱ्यानं तिची चमक उतरवली. मडगार्डावर तांबूस पुटकुळ्या आल्या. साहेबांना त्या रोज मोजायची सवय लागली.

उपायावरून मतभेद झाले. साहेबांचे एक अशील मिरकरवाड्याच्या मच्छीमार होडीचे तांडेल होते. ते म्हणाले, होडीला मारतो ते मुशीच्या माशाचं तेल मारा. मोटारीचे ड्रायव्हर किनाऱ्यावरच्या एका गावचे, पूर्वी जहाजावर खलाशी असलेले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांना आम्ही मामू म्हणायचो. मामू म्हणाले, उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल. मी म्हणालो, काजूच्या टरफलाचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लांज्याला माझे मामेभाऊ काजूच्या कारखान्यात होते आणि मला साहेबांसमोर काहीतरी बोलायचं होतं.

साहेबांनी याचा खटलाच केला. मोटारीची दारं चार. तीन दारांवर तीन तेलं, चौथं कोरं. डीडीटी मारायचा एक हातपंप मिळवला. निकाल निःपक्षपाती व्हावा म्हणून कुठलं तेल कुठल्या दाराला, हे साहेबांनी स्वतः जाणून घ्यायचं नाही असं ठरलं. दारांना फक्त क्रमांक. प्रत्येकानं धोतराच्या आडोशाला आपापलं दार फवारायचं आणि क्रमांक मला सांगायचा, मी तो एका वहीत नोंदायचा. वही माझ्या ताब्यात.

तेल चाललं की नाही हे ओळखायचं कसं, ते तांडेलांनी सांगितलं. "वकिलानू, डोल्यांला काय दिसतंय? होडीच्या फळीला जीभ लावायची. खारट लागली की मीठ आत शिरलं समजायचं."

साहेबांना ते किळसवाणं वाटलं. दोन दिवस त्यांनी मलाच चाटायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला वकील जागा झाला. दुसऱ्यानं सांगितलेली चव म्हणजे ऐकीव पुरावा, तो ग्राह्य धरता येत नाही, असं म्हणून ते रोज सकाळी अंघोळ करून, कोट चढवून, बंगल्यासमोर वाकून दारं चाटू लागले. मी मागे वही धरून उभा. रस्त्यानं जाणारे लोक नमस्कार करायचे आणि साहेब जीभ आत घेऊन नमस्कार परत करायचे.

क्रमांक एक कुणाचा हे मात्र लपवणं अशक्य होतं. मुशीच्या तेलामुळे गावातली मांजरं मोटारीमागून कोर्टापर्यंत येत. गणपतीपुळ्याचे एक अशील मोटारीत बसायला म्हणून आले, दार उघडलं, आणि मी आपला चालतच येतो म्हणाले.

क्रमांक दोन, म्हणजे मामूंचं उंडीचं तेल, चांगलं चाललं होतं. क्रमांक तीन अजून कोरा होता, कारण माझं तेल लांज्याहून यायचं होतं. शेवटी ते आलं. मामेभावानं निरोप दिला होता की हा कच्चा डिक आहे, उकळल्याशिवाय वापरू नकोस. टरफलातल्या त्या चिकाला आमच्याकडे डिक म्हणतात आणि तो कातडी जाळतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण तो वादी कोण हे माहीत नसलेले साहेब, वही माझ्याकडे म्हणून, मला दोनदा विचारून गेले होते, तिसरा वादी हजर का नाही म्हणून. मी डिकात रॉकेल मिसळलं, पंपात भरलं आणि मागचं उजवं दार फवारलं. तेल वाळेपर्यंत चार दिवस ते दार चाटू नका, असं साहेबांना सांगितलं; चार दिवस वाळला की विषय संपला, असं मी मनाशी म्हणालो.

पाचव्या दिवशी साहेबांनी त्या दाराला जीभ लावली. मन लावून, दोन ठिकाणी.

अकरा वाजता कोर्टात ते उभे राहिले तेव्हा ओठ भज्यांएवढे झाले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण नुसता घोगरा आवाज आला आणि डोळ्यांतून पाणी. न्यायाधीशांना वाटलं, अशिलाच्या दुःखानं वकिलांचं मन भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची तारीख दिली. अशील बिचारा साहेबांच्या पाया पडला.

मी मात्र बंगल्यावर पळालो. वही उघडली. क्रमांक दोनपुढचं 'उंडी' खोडून 'काजू' केलं आणि क्रमांक तीनपुढचं 'काजू' खोडून 'उंडी' केलं तर खाडाखोड दिसली असती. म्हणून पानच फाडलं आणि नवं लिहिलं. क्रमांक तीन, ड्रायव्हर. माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं.

साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी वही पाहिली आणि एक चिठ्ठी लिहिली. मामूंना वाचता येत नव्हतं. म्हणून ती मी वाचली: "आजपासून कामावर येऊ नये."

मामू म्हणाले, "साहेब, माझं दार ते नव्हे. माझं चमकतंय, बघा की."

साहेबांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. तीही मीच वाचली: "लेखी पुराव्यापुढे तोंडी पुरावा टिकत नाही."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं वाचतोस तू," ते म्हणाले. "आणखी काय काय लिहिलंय बघ त्यात."

मी म्हणालो, एवढंच आहे.

वकिलाला विष चाटवणारा ड्रायव्हर म्हणून मामूंना गावात कुणी मोटार दिली नाही. ते लाकडाच्या ट्रकवर गेले. इकडे क्रमांक दोन जिंकला आणि तो माझा होता. साहेब चारचौघांत माझं कौतुक करायचे. इतर मोटारवाले मला बोलावू लागले. मी पंप घेऊन जायचो, उंडीचं तेल फवारायचो आणि काजूचं म्हणून सांगायचो.

सात-आठ वर्षांनी लांज्याच्या स्टँडवर मामू भेटले. मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी बिडी पेटवली. "मला काय सांगतोस? मला तेव्हाच माहीत होतं. साहेबांना सांग. त्यांची सूज उतरली असेल ना आता?"

साहेबांना मी सांगितलं नाही. ते आणखी वीस वर्षं जगले, त्यांच्या मुलांच्या लग्नांत मी वाढायला होतो, तरी सांगितलं नाही. दोघेही आता नाहीत.

मामूंची मुलगी रत्नागिरीतच असते. तीही आता आजी झाली आहे. तिच्या सासरी भांडण निघालं की अजून तिच्या बापाचं विष निघतं, असं मला अलीकडेच कळलं. तेव्हा हे लिहिलं आणि आधी तिच्याकडे नेलं. तिच्या नातीनं ते मोठ्यानं वाचलं. चाटण्याच्या जागी नात हसली, आजीही हसली; चिठ्ठ्यांच्या जागी कुणी हसलं नाही.

ऐकून झाल्यावर तिनं कागद हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "ह्याच्यावर सही कुठाय?"

मी पेन मागितलं. प्रत्येक पानावर सही केली. तिनं शाई वाळू दिली, कागदांची घडी केली आणि थोरल्या दिराला बोलवायला नातीला धाडलं.