दोरीचं दुसरं टोक

आमच्या बाजारात बिनदोरी कोण म्हणून विचारलं, की लोक माझ्या दाजींकडे बोट दाखवायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. बाकीचे पेंटर आधी खडूच्या पुडीत घोळवलेली दोरी पाटीवर ताणून धरतात, मधोमध चिमटीनं उचलून सोडतात, आणि सरळ पांढरी रेघ उमटते. वर एक रेघ, खाली एक रेघ, अक्षरं त्यांच्या मध्ये. दोरीला टोकं दोन, म्हणून माणसंही दोन लागतात. लग्नानंतरची सात वर्षं दुसरं टोक ताईनं धरलं. मग एक दिवस दाजींनी जाहीर केलं, की आता दोरीची गरज नाही, हातच सरळ चालतो. चालायचाही. ताई घरात परतली, दाजींना ते नाव पडलं आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ते झोकात 'बिनदोरी' अशी सही ठोकू लागले.

माणूस तसा सोन्यासारखा, पण या एका बाबतीत नाक भलतंच वर. दोरी लावणारा पेंटर दिसला की विचारायचे, "काय रे, पाटी रंगवतोस की कपडे वाळत घालतोस?"

चौसष्टाव्या वर्षी त्यांनी चष्मेवाल्याची पाटी रंगवली. 'येथे चष्मे बनवून मिळतील.' पहिलं अक्षर वीतभर, आणि शेवटचं अंगठ्याएवढं! पाटी वर चढली आणि सगळा बाजार मान वाकडी करून बघायला लागला. चष्मेवाला मात्र भला माणूस. म्हणाला, "पेंटर, छान केलंत. गिऱ्हाईक बाहेरूनच डोळे तपासून आत येईल."

दाजी हसले नाहीत. "मला तर सगळी अक्षरं सारखीच वाटली हो," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते, रंगवताना त्यांना खरोखर तसंच वाटलं होतं. मग डोळेच गेले असणार, असं त्यांनी ठरवलं. चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवून डोळे तपासले आणि मान हलवली. "डोळे ठणठणीत आहेत. जे काही आहे ते डोळ्यांच्या मागे आहे. आत्ता तुम्ही दारातून आलात ना, तेव्हा तुमचा उजवा हात हललाच नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

दवाखान्यात दाजी, ताई आणि मी असे तिघं गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलणं शांत. त्यांनी दाजींना बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, कोऱ्या कागदावर एकच वाक्य चार वेळा लिहायला लावलं. चौथ्या ओळीला अक्षरं मुंग्यांएवढी झाली. आजाराचं नाव पार्किन्सन, असं त्यांनी सांगितलं.

"मेंदूच्या अगदी बुडाशी एक छोटासा काळसर भाग असतो," त्या म्हणाल्या. "तिथे एक रसायन तयार होतं. सवयीच्या हालचाली त्याच्या जोरावर होतात. पाऊल केवढं टाकायचं, अक्षर केवढं काढायचं, हे तुम्ही ठरवत नाही, ते आतल्या आत ठरतं. तुमचं ते रसायन कमी पडतंय. म्हणून हालचाल लहान होते, आणि लहान झाली हे तुम्हाला कळतही नाही."

मग त्यांनी त्याच कागदावर पट्टीनं दोन रेघा मारल्या. "आता यांच्या मध्ये लिहा."

दाजींनी लिहिलं. अक्षरं टपोरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मापाची. "बघा," बाई खूश झाल्या, "रेघ डोळ्यांना दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. ती वाट तुमची शाबूत आहे."

त्यांना काय ठाऊक, कुणापुढे रेघ मारली ती! दाजींनी पेन टेबलावर ठेवलं आणि चेहरा असा केला, जणू भर चौकात कुणी त्यांची टोपी उडवली. रस्त्यात एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी रेघा मारल्या तिनं."

गोळ्या सुरू झाल्या. हाताचा ताठरपणा कमी झाला, सदऱ्याची बटणं लागायला लागली. पण काम त्यांनी सोडलं. चष्मेवाल्याची पाटी उतरवून परत आणली होती, ती घरामागच्या खोलीत, त्यांच्या कामाच्या जागी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी एकदा म्हणालो, "दाजी, दोरी लावून रंगवून टाका की." तर म्हणाले, "त्यापेक्षा ब्रश चुलीत घालीन." पुढे चालणंही अडायला लागलं. मधल्या बोळातून त्या खोलीकडे जाताना दाराशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे, पाय मागे. दोनदा पडता पडता वाचले. मग ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायला लागले. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, पण राग जास्त.

एका सकाळी ताईनं मला बोलावून घेतलं. माळ्यावरून तिनं जुना पत्र्याचा डबा काढला होता. आत खडूची पूड आणि ती दोरी, नीट गुंडाळलेली. "अरे, बघत काय बसलास? धर ते टोक," ती म्हणाली. बोळात आडव्या रेघा मारायच्या होत्या, एकेका पावलावर एक, थेट खोलीच्या दारापलीकडे. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं, पण दाजींना विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं विचारलंच नाही.

फट्‌ फट्‌ आवाज ऐकून दाजी भिंतीला धरत धरत बोळाच्या तोंडाशी आले. आता वीज पडणार, म्हणून मी खाली मान घातली.

"तिसरी वाकडी आहे," ते म्हणाले.

"असेल," ताई म्हणाली. "माझा भाऊ फोटोकॉपीच्या दुकानात बसतो. त्याला दोरी धरायचं कुणी शिकवलंय?"

"अगं, अशी कशी ठेवायची वाकडी?" म्हणत दाजी निघाले. पहिली रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि तिसरीपाशी उभे राहून मला म्हणाले, "टोक जमिनीला टेकव, गाढवा. हवेत कसली रेघ उमटणार?" आपण चालत आलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या मात्र लक्षात आलं होतं. ताईनं तोंडावर पदर धरला, हसू लपवायला की रडू, ते मी विचारलं नाही.

तिसरी रेघ पुसून नवी मारली. मग दाजींनी पुढच्या रेघा पाहिल्या, ताईकडे पाहिलं आणि मोजून पावलं टाकत दारातून आत गेले. पाय अडले नाहीत. आतून पाटी सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हाक.

"अगं, ये. दोरी धर."

ताईनं माझ्या हातातून दोरी घेतली. तीस वर्षांनी धरत होती, पण टोक कुठे दाबायचं हे तिला सांगावं लागलं नाही. दाजींनी मधोमध चिमटीनं दोरी उचलून सोडली. वर एक, खाली एक. ती पाटी पूर्ण व्हायला चार दिवस लागले, पूर्वी दुपारभरात झाली असती. गोळीचा अंमल असेल तेवढा वेळ रंगवायचं, मग बसायचं. शेवटचं अक्षर पहिल्याएवढंच झालं. मी पट्टी लावून पाहिलं, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

पाटी न्यायला चष्मेवाला आला, तेव्हा माझं कोपऱ्याकडे लक्ष गेलं. "दाजी, सही राहिली."

"राहिली नाही. खोटं कसं लिहू?" दाजी ब्रश पुसत होते. थोडा वेळ पुसतच राहिले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "सात वर्षं हिनं टोक धरलं, तेव्हा एकाही पाटीवर दोघांची सही करायचं सुचलं नाही मला."

ताईनं दोरी झटकून नीट गुंडाळली, डब्यात ठेवली, आणि डबा माळ्यावर न चढवता खालीच, ब्रशांच्या शेजारी ठेवला.