तीनदा दळलेलं पीठ

सरकारनं आम्हाला गिरणी दिली होती. खोटं कशाला बोलू, चांगली गिरणी दिली होती. आजही कुणी सरकारच्या नावानं बोटं मोडायला लागलं की मी म्हणते, बाबांनो, जरा थांबा. मोटर नवी, पट्टा नवा, दगड तर असे की जवारीचं पीठ मैद्यासारखं पडायचं. वाकडं झालं ते पुढं, आणि त्यातलं निम्मं माझ्या जिभेनं केलं.

आमचं गाव वालूरकडचं. मालक, म्हणजे माझा नवरा, हंगामाला सेलूला जिनिंगमध्ये कामाला जायचे. मोटारीचा नुसता आवाज ऐकून तिला काय दुखतंय ते सांगायचे. तिथंच त्यांना कळलं की आमच्या समाजातल्या माणसाला धंदा काढायचा असेल तर सरकार कर्ज देतंय, त्यात सूट देतंय, वर ट्रेनिंगही देतंय. मग काय! जातीचा दाखला, रहिवासी दाखला, तीन फोटो, परत दाखला, परत फोटो. वरीसभर परभणीच्या खेपा. एकदा मी वैतागून म्हणलं, "तुमचं तोंड त्या हापिसातल्या बाकड्यालाच बघू द्या आता, मला कामून दाखवायलात?" ते हसले. त्यांना माझं बोलणं कधी लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गिरणी आली. आमच्या वस्तीच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकलं, पाटी रंगवली. गावात एक जुनी गिरणी होती, मोठ्या घराची, डिझेलवरची. ती दोन दिवस चालायची नि चार दिवस रुसायची. म्हणून आमच्याकडं सगळे आले. वस्तीतले आले, गावातलेही आले. मला आधी खरंच वाटेना. गावातल्या बाया डोक्यावर डबा घेऊन आमच्या दारात उभ्या, आणि वर हक्कानं भांडायलेल्या.

गिरणीवर भांडण असतं ते पाळीचं. जवारीमागं गहू टाकला की दगडात राहिलेली जवारी गव्हात येते, पोळी काळी पडते. म्हणून गहूवाली म्हणणार, माझं गव्हामागंच टाका. उपवासाचं दळण असेल तर दगड झाडून-पुसून मागणार. मी सगळ्यांचं ऐकायचे. आधी गव्हाचे डबे, मग जवारीचे, डाळ शेवटी. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की वस्तीतल्या जवारीमागं गावातली जवारी पडायलीय, आमच्या पिठाची चिमूट त्यांच्या पिठात जायलीय, आणि कुणी काही बोलेना. त्या दिवशी मी एकटीच हसत बसले. मालक म्हणाले, "काय झालं?" मी म्हणलं, "काय न्हाई. गिरणी लय शाणी हाय."

दीड वरीस हे चाललं. मग परभणीला नामांतराचा मोर्चा निघाला आणि मालक वस्तीतल्या माणसांबरोबर निळा झेंडा घेऊन गेले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागायला गेले, दुसरं काय? दगड नाही उचलला, शिवी नाही दिली. संध्याकाळच्या गाडीनं परत आले, घसा बसलेला.

दुसऱ्या दिवशी गावातून दळण आलं नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं अमावास्या असेल. आठवडा गेला तेव्हा उजेड पडला. कुणी आम्हाला काही बोललं नाही, शेडवर खडा मारला नाही. समोरून भेटले तर "काय, बरं हाय ना?" म्हणायचे. फक्त डबा घेऊन रुसक्या डिझेलच्या गिरणीपुढं दोन-दोन तास उन्हात बसायचे. आता फिर्याद कुणावर करायची? दळण न आणणं हा काय गुन्हा आहे? मालक वालूरच्या बाजारात एका शिकलेल्या माणसाला विचारून आले. तोही म्हणाला, याला कलम नाही.

एक धनगराची म्हातारी होती. आमची पहिली गिऱ्हाईक. आल्या आल्या "पोरी, माझं आधी टाक, मेंढरं वाट बघायलीत," म्हणून ओरडायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती एक दिवस डबा डोक्यावर घेऊन आमच्या शेडावरून सरळ पुढं गेली. माझं डोकं फिरलं. मी मागून ओरडले, "मावशी, डबा जड झाला आसंल की! का आमचा वारा लागंल म्हणून पळायलाव?"

ती थांबली. मागं आली आणि हळू बोलली. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"जीभ आवर, पोरी. माझी मेंढरं कुणाच्या रानात बसत्यात? खळं झाल्यावर मला रान कोण देतंय? तू देतीस?"

माझ्याकडं रान कुठलं? ती गेली. तिचा राग धरावा तर धरता येईना, आणि न धरावा तर जीव जळायचा.

आता राहिली फक्त आमची वस्ती. वस्तीत वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी आणलं त्या दिवशीच खाणारी. पायलीभर जवारीसाठी एवढी मोठी मोटर लावायची म्हणजे लाईटचं बिलही निघेना. महिनाभरानं मालक म्हणाले, "पाथरीला नेऊ गिरणी. तिथं बाजारपेठ हाय, बाहेरगावची माणसं येत्यात-जात्यात. कोण कुणाची जात इचारतंय?"

मी उसळले. "इथून हलायचं म्हंजे त्यांचं खरं झालं! त्यांना तेच पायजे. मी मरंन, पर गिरणी इथून हलू देणार न्हाई. परत नाव काढू नका."

त्यांनी परत नाव काढलं नाही.

याच दिवसांत वस्तीत बोलवा उठली की सरकारच्या मदतीचं सामान बंद पडलं तर हापिसवाले जीप घेऊन येतात आणि उचलून नेतात. शेजारच्या गावात एकाची शिवणाची मशीन नेली म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण मी धसका घेतला. रस्त्यावर जीपचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात यायचे.

आणि एक दिवस जीप आलीच. सकाळची वेळ, मालक रोजंदारीवर गेलेले. वेशीजवळ जीप थांबून कुणाला तरी आमचं शेड विचारायलीय हे मी लांबून बघितलं आणि धावतच सुटले. दोन जावांना हाक मारली. वस्तीतले हाताला लागतील तेवढे डबे आणले, रिकामे, वरून फडकी बांधली आणि शेडात ओळीनं मांडले. जावा डब्याजवळ बसल्या, दळणाला आल्यासारख्या. घरात दोन पायल्या जवारी होती, ती वर पेटीत ओतली आणि खटका दाबला. नशीब असं, की नेमकी लाईट होती.

साहेब एकटेच उतरले. चष्मा, हातात फाईल, बोलायला मऊ. म्हणाले, "गिरणी कशी चाललीय ते बघायला आलोय." मी त्यांना लिंबाखाली बाजेवर बसवलं, चहा टाकायला सांगितलं. ते काय लवकर उठेनात. कागद काढले, काहीबाही लिहायला लागले. इकडं जवारी संपत आली. गिरणी मोकळी फिरायला लागली की आवाज बदलतो, हे कुणालाही कळतं. मग मी काय केलं, खाली पडलेलं पीठ उचललं आणि परत वर ओतलं. पीठ काही जवारीसारखं सरकत नाही. हातानं ढकलत होते. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा ओतलं. पीठ असं तापलं की करपल्याचा वास सुटला.

साहेब शेडात आले. ओळीनं मांडलेले डबे बघून म्हणाले, "एवढी गर्दी असते?"

"सकाळपासून उसंत न्हाई, साहेब."

त्यांनी सहज एका डब्यावर हात टेकला. रिकामा डबा तो, भारानं सरकला आणि कलंडला. मी झटकन सरळ केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या जावांकडं बघितलं. एकीनं पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, संपलं सगळं.

पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, खरं सांगा. गिऱ्हाईक येतं का?"

"येतं की. आवाज ऐका ना गिरणीचा!"

"काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. मी तेच लिहीन."

"कशाची अडचण, साहेब? लय झ्याक चाललंय."

त्यांनी फाईल चाळली. "म्हणजे गिरणी इथंच ठेवायची ना?"

मला वाटलं, आता खरं पोटातलं बोलायलेत, न्यायला आलेत. मी कंबरेवर हात ठेवून म्हणलं, "इथंच! दुसरीकडं कामून जाईल? इथं बसवलीय, इथंच राहील!"

त्यांनी मान हलवली, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि अंगठ्याऐवजी सही मागितली. मी चौथी शिकलेली. ठसठशीत सही ठोकली. जीप गेल्यावर मी आणि दोन्ही जावा हसून हसून लोळलो. रिकाम्या डब्यांनी साहेबाला गंडवलं, म्हणून.

दुपारी त्याच पिठाची भाकरी थापायला घेतली. तीनदा तापलेल्या पिठाची विरी गेली होती, चिकटपणाच उरला नव्हता. थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना मधूनच तुटायची. मालक जेवायला आले, तुकडा हातात धरून म्हणाले, "आज भाकरी कामून तुटायली?"

मी म्हणलं, "तुमच्या हाताला कळ न्हाई, म्हणून." साहेब आल्याचं सांगितलं नाही. म्हणलं, उगं बेजार होतील, आणि खोटे डबे मांडलेलं त्यांना आवडायचं नाही. त्यांनी तुकडे तसेच कालवणात बुडवून खाल्ले.

दोन महिन्यांनी पोस्टमन कागद घेऊन आला. मालकांनी उभ्या उभ्या वाचला आणि उंबऱ्यावर बसले. मी विचारलं काय आहे, तर कागद माझ्या हातात दिला. मी अक्षर लावत लावत वाचला. गिरणी पाथरी इथं हलवण्यासाठी आपण केलेल्या अर्जाबाबत. जागेवर पाहणी केली असता व्यवसाय उत्तम स्थितीत चालू असल्याचे आढळले. चालू व्यवसायाची जागा बदलता येत नाही. सबब अर्ज नामंजूर.

अर्ज! मला माहीतच नव्हता.

"तू चिडली आसतीस," ते म्हणाले. "म्हणलं, मंजूर होऊन येऊ दे, मग सांगू. साहेब कवा आलते?"

मी सांगितलं. डबे सांगितले, सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवेना. ते खाली बघून ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "त्या दिशी भाकरी तुटायली, तवाच मला कळाया पायजे हुतं."

मला वाटलं, शिव्या द्याव्यात त्यांनी. एक कानफटात द्यावी. माणूस काही बोललंच नाही तर बाईनं जावं कुठं?

ते परभणीला जाऊन आले. साहेबांनी ओळखलं होतं, डबे रिकामे आहेत ते त्यांना तिथंच कळलं होतं. मालकांना म्हणाले, "बाईंचा जीव गिरणीत दिसला. तुमचा अर्ज त्यांच्या मनाविरुद्ध असेल, असं मला वाटलं. बंद लिहिलं असतं तर त्यांना लागलं असतं. त्यांच्याच मनासारखं लिहिलं." त्यांनी आमचं भलंच केलं होतं, त्यांच्या परीनं. त्यांच्यावर तरी कसं ओरडू? परत अर्ज केला, तर नवीन पाहणी यायला हवी होती. साहेबांची बदली झाली. नवी पाहणी आलीच नाही.

मालक पाथरीला गेले, पण गिरणीशिवाय. तिथं दुसऱ्याच्या गिरणीवर पगारानं लागले. ती गिरणी सकाळपासून रात्रीपर्यंत चालायची. बाजाराला आलेले, दुकानवाले, खेड्यातल्या बाया, रांग हटायची नाही. कोण कुठला, कुणी विचारलं नाही, हे ते पहिल्याच शनिवारी सांगत आले. आनंदानं सांगत होते, आणि सांगता सांगता एकदम थांबले.

आमच्या गिरणीचा पट्टा उंदरांनी खाल्ला. पुढं विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा वस्तीत पेढे वाटले. मालकांनी ते पेढे शेडाच्या पाटीखाली उभं राहून वाटले. पाटीवरची अक्षरं तेव्हा वाचता येत नव्हती.

शनिवारी ते यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कानात पीठ, आणि पिशवीत तिथल्या गिरणीवाल्यानं दिलेलं शेर-दोन शेर पीठ असायचं. पाथरीचं पीठ, एकदाच दळलेलं. भाकरी अशी गोल यायची, तव्यावर टमटमून फुगायची. ते म्हणायचे, "बघ, आज तुटली न्हाई." त्यांच्या मनात काही नसायचं, त्यांचं बोलणंच तसं साधं. मी तवा उतरवायच्या निमित्तानं चुलीकडं तोंड करायचे आणि धूर गेला म्हणून डोळे पुसायचे.