खाली! खाली!

दुबईत थंडी वाजते असं मी फोनवर सांगितलं की पुण्यातली माझी बहीण अजूनही खो खो हसते. तिला त्या जानेवारीतल्या शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभं करायला हवं होतं. आदल्या दिवसापासून पाऊस लागला होता, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगसमोर टँकर लावून पाणी उपसत होते, आणि शहराबाहेरच्या त्या उघड्या मैदानावर छत्री उघडली की उलटी होत होती. पावसाच्या जोडीला वाळूही उडून येत होती. दोन स्वेटर घालून माझे दात वाजत होते, आणि माझी बारा वर्षांची लेक अर्ध्या चड्डीत रग्बी खेळायला उतरत होती.

"मॅच कॅन्सल होईल, इन्शाल्ला," नवरा गाडी बंद करता करता म्हणाला.

"डॅडी, रग्बी इज नॉट क्रिकेट," मागच्या सीटवरून उत्तर आलं.

तिचा आवाज कडक होता, पण बुटाची नाडी ती तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. आधीच्या शनिवारी अगदी शेवटच्या मिनिटाला समोरची मुलगी बॉल घेऊन हिच्या अंगावर धावून आली होती. हिने डोळे मिटून वरच्या वर हात घातला, ती मुलगी निसटली, आणि मॅच गेली. अख्ख्या मोसमात आमच्या मुलींनी एकही मॅच जिंकली नव्हती. एक जिंकत आल्या होत्या, ती हिच्या हातून गेली. मैत्रिणींनी उलट तिची पाठच थोपटली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. लिफ्टमध्ये डोळे पुसत ती म्हणाली, "वन मोर मॅच. इफ आय मिस अगेन, आय ॲम डन." आणि ती बोलते ते करते. हा हट्टीपणा माझ्याकडून आलाय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. पण शाळेत मी कबड्डी खेळायचे, कोपऱ्यात. माझ्या हातात घोटा आला की भल्याभल्या मुली तोंडावर आपटायच्या. रग्बीत गळ्याशी धरलं तर फाऊल, खाली पायांना मिठी मारली तर शाबासकी, एवढं कळल्यावर मला कोचची गरज उरली नाही. आठवडाभर संध्याकाळी सोफा भिंतीला लावला, नवऱ्याच्या हातात उशी दिली आणि त्याला हॉलमधून पळवलं. "वर काय धरतेस? खाली! खाली!" तिसऱ्या दिवशी वॉचमन वर आला. "भाभीजी, नीचेवाले पूछ रहे हैं, शिफ्टिंग चल रहा है क्या?"

एवढं करून पहिल्या हाफमध्ये हिने काय करावं? समोरच्या मुलीची कॉलरच धरली. शिट्टी वाजली, फाऊल झाला, आणि त्यातूनच त्यांनी लाईनपलीकडे बॉल टेकवला. आमच्याही मुलींनी एकदा टेकवला होता, म्हणून एक-एक. हाफ टाइमला लेक माझ्याकडे आलीच नाही. दूर उभी राहून ओल्या हातांवर फुंकर घालत होती. मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, दोन्ही एकदम.

दुसऱ्या हाफमध्ये मैदानाच्या मधोमध सगळ्या मुलींची झुंबड उडाली. माझी त्यात घुसत होती, तीही ताठ मानेने. माझ्याने राहवेना. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "खाली! खाली!"

माझ्या लेकीने अजिबात ऐकलं नाही. ऐकलं ते झुंबडीतून बॉल काढून तिच्या कडेला गोंधळून उभ्या असलेल्या आमच्याच टीममधल्या अरबी मुलीने. तिने मान वर केली, डावीकडे, आमच्या बाजूला पाहिलं आणि सुसाट सुटली. खरंच तिकडे चिटपाखरू नव्हतं. कुणाला कळायच्या आत पोरीने थेट लाईनपलीकडे पोटावर घसरत बॉल टेकवला. दोन-एक!

तिची आई माझ्या शेजारीच होती, अम्मानची, थर्मासमधला चहा मघापासून मला पाजत होती. तिने मला मिठी मारली. "हबीबती! हाऊ यू नो अरेबिक?"

"मी? नो अरेबिक!"

"यू सेड खाली! खाली मीन्स एम्प्टी!"

माझा नवरा कपाळावर हात मारून हसायला लागला. माझं मराठीतलं खाली म्हणजे खाली वाक, आणि हिंदीप्रमाणे अरबीतही खाली म्हणजे रिकामं. माझ्या लेकीला दिलेली शिकवणी दुसरीच्या कामी आली होती. कोचबाई पळत येऊन म्हणाल्या, "व्हॉटएव्हर दॅट वर्ड इज, कीप शाऊटिंग!"

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा त्यांची सगळ्यात उंच मुलगी बॉल घेऊन सुटली. तिच्या आणि लाईनच्या मध्ये फक्त माझी लेक. बाजूने ती अरबी मुलगी मदतीला जिवाच्या आकांताने पळत येत होती. माझ्या ओठांवर शब्द आला होता. पण मी ओरडले असते तर ती अरबी पोर थांबून रिकामी जागा शोधत बसली असती. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

लेकीचे डोळे उघडे होते. ती वाकली, आणखी वाकली, आणि त्या उंच मुलीच्या दोन्ही पायांना तिने अशी मिठी घातली की दोघी पाण्यातून फरपटत गेल्या. लाईनच्या हातभर अलीकडे. बॉल सुटून बाहेर गेला आणि मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी रडत होते, नवरा कुणा अनोळखी गोऱ्या माणसाच्या गळ्यात पडला होता, अम्मानची बाई "यल्ला, यल्ला" करत टाळ्या पिटत होती, आणि माझी मुलगी नऊ-दहा मुलींच्या ढिगाखाली कुठेतरी होती. बाहेर निघाली तेव्हा ओठ निळे, कानात वाळू, गुडघा फुटलेला. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती.

"आई, व्हाय डिडन्ट यू शाऊट?"

"ओरडायला हवं होतं का?"

तिने कानातली वाळू झटकली. "नो," म्हणाली आणि मुलींकडे पळत सुटली. अर्ध्यातून वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आई, नेक्स्ट सॅटर्डे कॅन वी कम अर्ली?"